धवलारणीच्या गालावरचे ठिपके

आमच्या दुकानात मोठा प्रिंटर आला तेव्हा मला आनंद झाला आणि बाबांना नोकरी लागली. बाबा म्हणजे माझे सासरे. ही नोकरी त्यांना कुणी दिली नव्हती, त्यांनी ती आपणहून घेतली होती.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. नेरूळला आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर एक गाळा घेऊन मी फोटोंची कामं करायची. जुने, फाटके, बुरशी लागलेले फोटो नीट करून द्यायचे हा माझा धंदा. आधी बारीक ब्रश आणि भिंग घेऊन करायची, मग कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला आणि सगळ्यांत शेवटी हा प्रिंटर. दिवाणाएवढा लांब. पाठीमागून कागदाचा रोल घालायचा आणि समोरून माणसाच्या उंचीचा रंगीत फोटो बाहेर यायचा. सोसायटीतल्या बायका बाळ बघायला याव्यात तशा तो बघून गेल्या. एकीने तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकायलाही सांगितलं. माझे यजमान वाशीला एका ऑफिसात नोकरीला होते. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दुकान तुझं आहे, मला काही विचारू नकोस." न विचारता सल्ले द्यायचे ते वेगळं.

बाबा परळच्या एका कापडगिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली सोडून आम्ही खाडीच्या या बाजूला आलो, आणि बाबा एकदम मावळले. सवयीने पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्यांकडे बघत बसायचे. कुठेही जायचं नसलेला माणूस इतका तयार होऊन बसलेला बघवत नाही. मी चहा नेऊन दिला की म्हणायचे, "तुला उशीर होत असेल, जा तू." दिवसभरात त्यांचं बोलणं जेमतेम एवढंच उरलं होतं. मला त्याची मनातून भीती वाटायची.

प्रिंटर पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी मात्र ते खाली आले. आत रंगाचं हेड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळत होतं आणि कागद खालून हळूहळू पुढे सरकत होता. बाबा कमरेत वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हा तर साचा आहे. तो बघ धोटा पळतोय, आणि हे कापड उतरतंय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शटर तेच उघडायला लागले. मी घरचं आटपून खाली येईपर्यंत झाडलोट झालेली असायची, उदबत्ती लागलेली असायची, मशीनवरची चादर घडी करून ठेवलेली असायची. दुपारी वर जेवायला आले की घाई करायचे, "लवकर वाढ, मशीन एकटं आहे." ते पोटभर जेवायला लागले, पेपरातल्या बातम्यांवर चिडायला लागले, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायला लागले. मशीनने मला धंदा किती दिला ते राहू दे, माझे सासरे मात्र त्याने परत दिले. ते मशीन मला त्यासाठीच जास्त आवडायचं.

पावसाळा संपता संपता मशीन चुं चुं करायला लागलं. हेड एका ठरावीक जागी आलं की कण्हायचं. इंजिनियरला फोन करू, करू म्हणेपर्यंत एका सकाळी आवाज बंद झाला. आपोआप बरं झालं म्हणून मी खूश. मशीनची दुखणी आपोआप बरी होत नसतात, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नांची कामं सुरू झाली. त्याच सुमाराला करावे गावातला एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन दुकानात आला.

"ताई, आमचे आयसचा फोटो मोठा करून पायजे. उभ्या मानसाएवढा."

त्याची आई धवलारीण होती. त्यांच्याकडच्या लग्नांत धवले म्हणतात, म्हणजे लग्नाच्या एकेका विधीची गाणी. ती गाणी म्हणून लग्न लावून देणारी बाई ती धवलारीण. आदल्या वर्षी ती गेली होती. "गावातली निम्मी लग्नं तिनंच लावली," तो म्हणाला. "आता माझे पोरीची हलद हाय, तिचे सख्खे नातीची, न् तीच नाय. म्हनून तिला मांडवात उभी करायची हाय."

त्याने पिशवी टेबलावर पालथी केली. गावातल्या घराघरांतून मागून आणलेले लग्नांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत मध्ये वेगळी नवरी, वेगळा नवरा, आणि कडेला तीच बाई. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू आणि आ वासलेलं तोंड. एकूण एक फोटोत ती गात होती.

"यांत तोंड मिटलेला एकही नाही का?" मी विचारलं.

"नाय."

"काही हरकत नाही. मी कॉम्प्युटरवर मिटून देते."

तो दचकलाच. "नको ताई. बंद तोंडाची आयस गावात कोन वलखनार?"

यावर बाबा इतके मोठ्याने हसले की शेजारचा टेलर डोकावून गेला. गृहस्थही हसला. मी त्यातल्या त्यात स्पष्ट फोटो निवडला, कडेची नवरी काढून टाकली, बाईला पूर्ण उभं केलं, लुगड्याचे काठ नीट केले. दोन दिवस मन लावून केलं ते काम. गाणारं तोंड मोठं केल्यावर आत सोन्याचा दात दिसायला लागला, तेव्हा तर मला तिची ओळख झाल्यासारखंच वाटलं.

आणि मग प्रिंट काढली. बाहेर आलेल्या धवलारणीच्या तोंडभर पांढरे ठिपके होते. मोहरीएवढे, गोल, स्वच्छ पांढरे. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर, खाली लुगड्यावरसुद्धा. तिथे रंग बसलाच नव्हता.

मी प्रिंट दडवायच्या आत गृहस्थ दारात हजर. त्याने आईकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, जित्ती व्हती तवा आयसला कवा देवी आल्या नाय. आता मेल्यावर कशा आल्या?"

मी म्हटलं, "हळदीच्या आधी नीट करून देते. शब्द देते."

शब्द देऊन बसले आणि मग कामाला लागले. असं काही बिघडलं की सगळे एकच सांगतात, हेड साफ करा. मी हेड साफ केलं. चाचणीची प्रिंट काढली तर रंगांच्या रेघा काठोकाठ भरलेल्या, कुठे खंड नाही. म्हणजे हेड ठीक होतं. तरी पुन्हा साफ केलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. रंगाचे डबे बदलले. कागद दमट झाला असेल म्हणून नवा रोल फोडला. कॉम्प्युटरमधली फाइल शंभरदा मोठी करून बघितली, तिथे बाईचे गाल नितळ होते. प्रिंट काढली की पुन्हा देवी. काळ्याभोर रंगाची नुसती पट्टी छापून बघितली, तर तिच्यावर चांदण्या पडल्यासारखं दिसलं. मी त्या मशीनशी मोठ्याने भांडायला लागले होते. एकदा त्याला लाथसुद्धा मारली आणि पायाच्या अंगठ्याला लागलं.

बाबांचा जीव माझ्याहून जास्त खालीवर व्हायचा. "एवढं चांगलं मशीन," म्हणत त्याच्या भोवती फिरत राहायचे. सकाळी नेहमीपेक्षाही लवकर दुकान उघडायचे. आणि नवल म्हणजे सकाळची पहिली प्रिंट सगळ्यांत वाईट निघायची.

शेवटी मुंबईहून इंजिनियर आला. गळ्यात टाय, हातात सूटकेस. त्याने मशीनचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि झाकण लावलं. "धूळ आहे, मॅडम. तुमच्या नवी मुंबईत दुसरं काय आहे? तिकडे शिरवण्याच्या बाजूला कारखाने, इकडे बिल्डिंगा चालू. रोलवर धूळ बसते, तिथे रंग धरत नाही." मग सहज विचारावं तसं विचारलं, "मशीनच्या आत कुणी काही घालत वगैरे नाही ना?"

"छे," बाबाच म्हणाले. "आत कोण काय घालणार?"

इंजिनियर म्हणाला, "एकाच माणसाने हाताळा. चार हात लागले की नाजूक मशीन बिघडतं." एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. बाबांनी धुळीचं फार मनावर घेतलं. जुनी चादर भिजवून त्यांनी दारात पडद्यासारखी टांगली आणि दर तासाला बादलीतल्या पाण्याने ती ओली करत राहिले. गिऱ्हाईक आत यायचं ते ओलं डोकं पुसतच. धूळ असेल तर ती आता नक्कीच आत येत नव्हती, पण ठिपके येत होते.

त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना यजमान स्वयंपाकघरात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मी काय म्हणतो, बाबांना काही दिवस दुकानात नको येऊ देत."

"का?"

"तो इंजिनियर म्हणाला ना, एकाच माणसाने हात लावा. बाबांना या मशीनमधलं काय कळतं? सकाळी तासभर एकटे असतात ते. काय दाबत असतील कुणाला माहीत."

माझं डोकं सणकलं. "बाबा फक्त चादर काढतात आणि झाडतात. त्यांना काय परत गॅलरीत बसवू? ते कसे झाले होते, विसरलात?"

"विसरलो नाही," ते म्हणाले. त्यांचाही आवाज जरा पडला. "पण ठिपके थांबले नाहीत तर सांगावंच लागेल. तू सांगणार नसशील तर मी सांगेन."

बाहेरच्या खोलीत बाबा टीव्हीवरच्या बातम्यांवर तावातावाने बोलत होते. मी पोळी करपवली. बाबांना खाली येऊ नका असं सांगितलं तर ते एका शब्दाने वाद घालणार नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत जाऊन बसतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. धवलारणीपेक्षाही मला आता त्यांची काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी मी खराब झालेल्या सगळ्या प्रिंटा बाहेर उन्हात, फरशीवर अंथरल्या. ट्यूबलाइटखाली इतके दिवस मी नुसते गाल बघत होते. उन्हात पूर्ण प्रिंट एकदम दिसली आणि लक्षात आलं की ठिपके वाटेल तसे पडलेलेच नव्हते. ते सरळ ओळीत होते, वरपासून खालपर्यंत, धावदोरा घातल्यासारखे. मी बोटं लावून बघितली. चार बोटांवर एक ठिपका, पुन्हा चार बोटांवर दुसरा, पार पायांपर्यंत. धूळ अशी मोजून मापून बसत नाही. काहीतरी गोल वस्तू कागदावरून फिरत होती आणि प्रत्येक फेरीला एकदा टेकत होती.

मी आत जाऊन मशीनचं झाकण उघडलं. कागद दाबून धरणारे छोटे रबरी रोलर असतात, त्यांतल्या एकाभोवती दोरा गुंडाळून मापला. बरोबर चार बोटं. कापसाचा बोळा घेऊन रोलर पुसला. बोळा पिवळट, ओशट झाला. नाकाशी नेला आणि मला एकदम माहेर आठवलं. आई दर रविवारी शिलाई मशीनला तेल द्यायची, तोच हा वास.

समोर खिळ्याला बाबांची पिशवी अडकवलेली होती. आत चष्म्याचं घर, पेपर, आणि लांब चोचीची पितळी तेलाची डबी. गिरणीतली. चाळीतून येताना त्यांनी भांडीकुंडी वाटून टाकली होती, ती डबी तेवढी आणली होती.

पहिल्यांदा मी चिडले, साफ चिडले. इतक्या दिवसांची मरमर, इतका कागद फुकट, पायाचा अंगठा सुजलेला, आणि हा माणूस रोज सकाळी तेल घालतोय. मग चिडता चिडताच सगळं ध्यानात यायला लागलं. चुं चुं का थांबली ते. सकाळची पहिली प्रिंट सगळ्यांत वाईट का निघते ते. मशीन जितकं बिघडत होतं तितकं बाबा ते जास्त मायेने तेलवत होते, आणि जितकं तेलवत होते तितकं ते बिघडत होतं. त्यांनी हे लपवलं असंही नव्हतं. साचेवाल्याने सकाळी साच्याच्या सांध्यासांध्यात तेल सोडायचंच. दात घासल्याचं कोण कुणाला सांगतं? इंजिनियरला ते खोटं बोलले नव्हते. तेल घालणं म्हणजे काही घालणं, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

बाहेर बाबा नळावर चादर भिजवत होते. त्यांना सांगावं तर ते स्वतःच उद्यापासून खाली येणार नाहीत. यजमानांना सांगावं तर ते येऊ देणार नाहीत. न सांगावं तर उद्या सकाळी पुन्हा तेल. मी डबी होती तशी पिशवीत ठेवली आणि बाबांना म्हटलं, "तुम्ही जेवून घ्या आज आधी, आणि जरा पडा. मी थांबते."

"मशीन?"

"मी आहे ना."

ते वर गेल्यावर मी स्पिरिटने एकेक रोलर पुसला, ज्या दांडीवर हेड पळतं ती पुसली, आजूबाजूचं सगळं पुसलं. कापसाचे बोळे टोपलीत टाकले. उरलंसुरलं तेल निघावं म्हणून कोरा कागद काही हात नुसताच पुढे सरकवून घेतला. मग प्रिंट लावली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. धीरच होईना. वळून बघितलं तेव्हा कपाळ उतरलं होतं, लालभडक कुंकवासकट, नितळ. मग गाल. मग सोन्याचा दात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी स्वतःलाच हसले.

संध्याकाळी गृहस्थ आला. बाबाही तोवर खाली आले होते. प्रिंट भिंतीला लावून ठेवली होती. तो तिच्यासमोर गेला आणि थोडा बाजूला सरकून उभा राहिला, आई खरीच उभी असावी आणि तिच्या वाटेत येऊ नये तसा.

"हां," तो म्हणाला. "ही आयस."

मग बाबांकडे वळला. "तुमी समद्यांनी हलदीला याचं. बाबा, तुमी पन."

बाबा नुसती मान हलवून हो म्हणाले. एरवी त्यांनी गावातल्या लग्नांची चौकशी करून त्याला अर्धा तास बसवला असता. मला वाटलं, झोप नीट झाली नसेल.

रात्रीच्या जेवणाला यजमान खुशीत होते. "झालं ना एकदाचं? शेवटी होतं तरी काय?"

"धूळ," मी म्हटलं आणि आमटी वाढायला लागले.

"धूळ नव्हती," बाबा म्हणाले. त्यांनी घास ताटात खाली ठेवला. "तेल होतं. मी घालत होतो रोज. टोपलीतला कापूस बघितला मी, आणि मग ते खराब फोटो बघितले. कापडावर तेलाचा डाग पडला की तो तुकडा बाद करायचे गिरणीत. इतकी वर्षं काम केलं, माझ्या साच्यावर एक तुकडा बाद झाला नाही. आणि इथे सुनेचे एवढे फोटो मी बाद केले." मग म्हणाले, "उद्यापासून मी वरच बसतो."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बाबांचा राग आलेला नव्हता, पण तेच बरं असं तोंडावर आलेलं मला दिसलं. ते बोलायच्या आत मी बोलले. काय बोलणार ते मलाही माहीत नव्हतं.

"वर बसायचं नाही," मी म्हटलं. "दुकानाचं शटर किती रडतं, ऐकलंय का कुणी? रात्री बंद करताना मला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. त्याला तेल कोण घालणार? आणि माझं मशीन झाकायचं, उघडायचं, पहारा द्यायचा, ते कोण करणार? मी तर नाही करणार."

"अगं, पण..." यजमान म्हणाले.

"दुकान माझं आहे," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना?"

यजमानांनी भात कालवला. बाबांनी आमटीची वाटी तोंडाला लावली. मग म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." मला इतकं हायसं वाटलं की मीठ आणायच्या निमित्ताने मी आत जाऊन ओट्याशी जरा उभी राहिले.

सकाळी खाली गेले तर शटर अजून बंद. बाबा पायरीवर बसलेले, शेजारी पितळी डबी.

"आज तू उघड," ते म्हणाले.

मी पूर्वीसारखा पदर खोचला, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि शटर आवाज न करता असं सुर्रकन वर गेलं की माझाच तोल गेला. बाबा हसायला लागले. शेजारचा टेलर बघत होता. तो म्हणाला, "काका, आमचं पण बघा ना जरा. लय टेन्शन देतं." बाबा त्याला म्हणाले, "दुपारी बघतो. आत्ता ड्यूटीवर आहे." महिन्याभरात त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांची शटरं बाबांच्या हाताखालून गेली.

पण त्या सकाळी आत आल्यावर ते मशीनजवळ गेले नाहीत. आधी मोरीत जाऊन साबण लावून हात धुतले, पंच्याने कोरडे केले आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही तळवे पुढे धरले, जेवणाआधी मुलं दाखवतात तसे.

"बघून घे," म्हणाले.

मी बघितले. घट्टे पडलेले तळवे. रेषांमध्ये जुन्या तेलाची काळी रेघ बसलेली, जी आता कुठल्याच साबणाने निघणारी नव्हती. ती सोडली तर हात लख्ख होते.

"स्वच्छ आहेत," मी म्हटलं.

"मग लावू का चालू?"

मी बाजूला झाले आणि बटण त्यांनी दाबलं. मशीन आमच्याकडे होतं तोवर रोज सकाळी ते असे हात दाखवायचे आणि मी रोज नीट वाकून बघायची. वरवर बघितलेलं त्यांना चालायचं नाही.